पालथी पडून पाहिलेलं कॅरी

अमेरिकेहून परत आलेल्या माणसाला सांगलीत पहिला प्रश्न नायगाऱ्याचा विचारतात. मी नायगारा पाहिला नाही. तो हातात मशाल धरलेला पुतळाही पाहिला नाही. मी पाहिली ती नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी नावाच्या गावातल्या एका खोलीची जमीन, आणि तीही अगदी जवळून, कारण सहा दिवसांतला बराचसा वेळ मी तिच्यावर पालथी पडून होते.

कशासाठी, ते सांगते. मी गेली बावीस वर्षं सांगलीत वधूवर सूचक मंडळ चालवते. दिव्याखाली अंधार म्हणतात तसा माझा मुलगा अमेय पस्तिशीला आला तरी बिनलग्नाचा आहे. पण त्याच्या माहितीपत्रकात 'व्यवसाय' या रकान्यापुढे 'सॉफ्टवेअर, अमेरिका' असं लिहिलेलं होतं, तेवढ्यावर मी मान ताठ ठेवून होते. मग त्याचं ग्रीन कार्ड आलं. आम्ही पेढे वाटले, आणि पेढ्यांचा डबा रिकामा व्हायच्या आत त्याचा फोन आला.

"आई, मी जॉब सोडायचा म्हणतोय. शियात्सू शिकणार आहे."

"शी काय?"

"शियात्सू. जपानी मसाज. दहा महिन्यांचा फुल टाइम कोर्स आहे."

नावातच शी! ह्यांनी माझ्या हातून फोन घेतला. "मालिश? म्हणजे तेलबिल लावून?" एवढंच ते बोलले आणि फोन परत माझ्या हातात दिला. आमचे हे फार बोलत नाहीत, पण त्या दिवशी रात्री जेवले नाहीत.

शेवटी अमेयनेच तोड काढली. "आई, ॲडमिशनच्या आधी तिथे एक इंट्रो वीक असतो. मंडे टू सॅटर्डे, आणि सॅटर्डेला टेस्ट. तू ये. सगळं बघ, टीचर्सना भेट. त्यानंतर तू नको म्हणालीस तर मी नाही जाणार. प्रॉमिस." ह्यांचे गुडघे विमानात बसण्यासारखे नाहीत, म्हणून मी एकटीच निघाले. दारात ह्यांनी बजावलं, "नको म्हणूनच ये."

मी बॅगेत मंडळाची कोरी माहितीपत्रकं टाकली. मुलाला कुठे द्यायचं तर आधी माणसांची चौकशी करावी, घरदार नंतर बघावं, हा माझा धंद्याचा नियम आहे. शिवाय तिळाच्या तेलाची एक बाटली घेतली. मालिशवाल्यांकडे जायचं तर रिकाम्या हाताने कशाला?

सोमवार : मी बॉडी झाले

एप्रिलमधलं कॅरी म्हणजे जेजुरी आहे, फक्त देव दिसत नाही. तिथल्या पाइनच्या झाडांचा पिवळा धुरळा उडतो आणि गाड्या, बाकं, रस्ते, कुत्री, सगळ्यांवर भंडारा उधळल्यासारखा बसतो. माझी काळी पर्स दोन दिवसांत हळदीची झाली. बाकी गाव नीटनेटकं आहे. तळी आहेत, तळ्याकाठी चालायच्या वाटा आहेत, आणि रस्ता ओलांडणारी बदकं आहेत, ज्यांच्यासाठी गाड्यांची रांग मुकाट्याने उभी राहते. सांगलीत एवढा मान आम्ही आमदारालासुद्धा देत नाही.

शाळा एका बैठ्या बाजारात होती. एका बाजूला लाँड्री, दुसऱ्या बाजूला मक्याच्या पोळीचे टाको विकणारं दुकान. दारात पाटी होती की चपला बाहेर काढा. अमेरिकेत घरातसुद्धा बूट घालून फिरणारे लोक आहेत असं ऐकून होते, म्हणून मी मनातल्या मनात शाळेला तिथेच दहा गुण देऊन टाकले. आत लाकडी जमिनीवर पातळ गाद्या अंथरलेल्या होत्या. विद्यार्थी अकरा, आणि प्रत्येकाने घरचं एक माणूस आणलं होतं. तसा तिथला नियमच होता. मुख्य बाईंचं म्हणणं असं की ज्याला घरच्या माणसाला दाबता येत नाही, तो परक्याला काय दाबणार? या दाबून घेणाऱ्या माणसाला ते 'बॉडी' म्हणतात.

संध्याकाळी मी ह्यांना फोनवर सांगितलं, "अहो, मी इथे बॉडी आहे."

पलीकडे ह्यांनी हातातला पेला खाली ठेवल्याचा आवाज आला.

मग मी घाईघाईने सांगितलं की तेल लावत नाहीत, कपडे काढत नाहीत, अंगभर कपड्यांवरून नुसते अंगठ्याने दाबतात. ह्यांनी सोडलेला श्वास मला सांगलीहून ऐकू आला. "मग काय मिळतं त्यातून?" त्यांनी विचारलं.

साडी नेसून गादीवर लोळणं जमेना, म्हणून अमेयने त्याची ट्रॅक पँट आणि कुठल्याशा कॉन्फरन्समध्ये फुकट मिळालेला टी-शर्ट मला दिला. त्यावर पाठीमागे मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहिलं होतं. ते 'बग सापडला का?' असं आहे हे मला बुधवारी कळलं. तोवर तीन दिवस माझी पाठ दाबायला येणारा प्रत्येक माणूस आधी का हसतो, याचा मी विचार करत होते.

मंगळवार आणि अर्धा बुधवार : चौकशी

शाळेत शिक्षक तीन. पहिला रँडी. उंची सहा फूट चार इंच, छातीवर रुळणारी दाढी, आणि हात असे की माझा अख्खा खांदा त्याच्या मुठीत मावला. तो मला 'मिस शैला' म्हणायचा. पस्तीस वर्षांचा मुलगा शेजारी बसलेला असताना मिस! मी अमेयकडे पाहिलं. "आई, साउथमध्ये सगळ्या मोठ्या बायकांना असंच म्हणतात. रिस्पेक्ट आहे तो," तो कुजबुजला. "आणि प्लीज, त्यांचा इंटरव्ह्यू घेऊ नकोस यार."

मी कशी ऐकणार? दुपारच्या सुट्टीत रँडी आम्हाला जवळच्या खानावळीत घेऊन गेला. त्याने माझ्यासाठी बिस्किट आणि चहा मागवला. मला बरं वाटलं. बिस्किट म्हणजे बिस्किट, चहात बुडवून खाऊ. आला तो एक जाडजूड पाव, त्याच्यावर पांढरी दाट कढी ओतलेली. आणि चहा बर्फातला, एवढा गोड की चमचा उभा राहील. मी पाव त्या गार चहात बुडवला. खानावळीतल्या बाईंनी हातातलं काम थांबवून पाहिलं. रँडीने मात्र काही न बोलता आपला पावही चहात बुडवला, खाल्ला आणि म्हणाला, "वाईट नाही, मॅम." त्या एका घासात मी त्याला पंधरा गुण दिले.

मग कागद काढला. नाव, उंची, जन्मगाव. "मूळ गाव कोणतं?" मी विचारलं. तो सांगू लागला की पश्चिमेकडच्या डोंगरात त्याचं घर आहे, तिथपर्यंत रस्ता नाही, ओढा आहे, आणि पावसाळ्यात ओढ्यात घर आहे. पूर्वी काय करायचा? ट्रक चालवायचा. वीस वर्षं देशभर फिरला. एक दिवस नेब्रास्कात ट्रकमधून उतरायला गेला आणि कंबर जी वाकली ती वाकलीच. बहीण या शाळेत शिकत होती, तिने त्याला बॉडी म्हणून आणलं. बहिणीने पुढे शाळा सोडली. हा मात्र बॉडी म्हणून आला आणि मास्तर होऊन बसला.

सवयीने माझी नजर शेवटच्या रकान्यावर गेली आणि सवयीनेच मी विचारलं, "अपेक्षा?"

अमेयने डोळे मिटले. रँडीने दाढी कुरवाळली, बराच विचार केला आणि गंभीरपणे म्हणाला, "कुत्र्यांचा राग नसावा."

बुधवारी सकाळी तो दाढी विंचरून आला आणि त्याने माझ्या हातात स्वतःचा फोटो ठेवला. फोटोत त्याने बाळाला धरावं तसा एक भला मोठा मासा दोन्ही हातांवर धरला होता. त्या माणसाला घटस्फोट घेऊन बारा वर्षं झाली होती, हे मला तेव्हा कळलं. मी खूप समजावलं की ही नुसती शाळेची चौकशी आहे. "येस मॅम," तो म्हणाला. "तरी फाइलमध्ये राहू द्या." आता सांगलीच्या मंडळात तो फोटो आहे. गेल्या आठवड्यात एका वधूपित्याने मासा बघून विचारलं, मुलगा कोळी समाजातला का?

तिळाच्या तेलाची बाटली मी त्यालाच दिली. त्याने ती सॅलडवर ओतली.

बुधवार दुपार : हारा

मुख्य बाई म्हणजे हारुको-सेन्सेई. सेन्सेई म्हणजे गुरुजी, बाईंनाही तेच म्हणतात. वय बहात्तर, उंची माझ्या खांद्याएवढी, आणि अंगठे लोखंडाचे. नवऱ्याच्या नोकरीमागे जपानहून इथे आल्या, पुढे नवरा वारला, त्या राहिल्या.

"शिक्षण?" मी विचारलं.

"मामा," त्या म्हणाल्या.

मला वाटलं त्यांना प्रश्न कळला नाही. पण तेच उत्तर होतं. त्यांचा मामा आंधळा होता. जपानात पूर्वी आंधळी माणसं हेच काम करत. गावातल्या प्रत्येक माणसाला तो खांद्यावरून ओळखायचा. पोरं त्याला फसवायला शेजारच्याचा अंगरखा घालून जायची, तर तो खांद्याला हात लावून म्हणायचा, तू अमक्याचा धाकटा, आणि तुझ्या बापाने आज तुला मारलंय. हारुकोबाई त्याचा हात धरून घरोघर जायच्या, तिथेच शिकल्या. मी शिक्षणाच्या रकान्यात 'मामा' असं लिहिलं. बावीस वर्षांत असं पहिल्यांदाच लिहिलं.

मग त्यांनी मला उताणी केलं आणि म्हणाल्या, "आता हारा बघू." जपानीत हारा म्हणजे पोट. आमच्याकडे हारा म्हणजे मोठी टोपली. माझ्या बाबतीत दोन्ही अर्थ बरोबर होते. त्यांनी डोळे मिटून पोटावर तळहात ठेवला. अकरा विद्यार्थी गुडघ्यांवर बसून बघत होते.

"इथे काहीतरी अडलंय," त्या हळूच म्हणाल्या. "बऱ्याच दिवसांचं."

मी घाबरले. तो ह्यांनी पाठवलेला 'नको' तर नसेल? हा बाईंच्या हाताला लागला की काय? मी इंग्रजीत चाचरत म्हटलं, "बिस्किट. येस्टरडे."

त्यांनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. "तेही आहे," त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मी अमेयकडे नीट पाहिलं. घरी आल्याआल्या तो कानाला यंत्र लावून ऑफिसच्या मीटिंगला बसला. तीन तास तो पडद्यातल्या माणसांना "शुअर, शुअर" म्हणत होता आणि प्रत्येक शुअरला त्याचे खांदे थोडे थोडे वर चढत होते. शेवटी ते कानांना टेकले. शाळेत तोच मुलगा एका म्हाताऱ्या बाईच्या मनगटावर अंगठा ठेवून तासभर बसतो आणि त्याचे खांदे जिथे असायला हवेत तिथे असतात. मला हे दिसलं, आणि दिसल्याचा रागही आला. मी नको म्हणायला आले होते. अशा गोष्टी दिसणं सोयीचं नव्हतं.

गुरुवार : सुतक

तिसरी शिक्षिका डेनिस. शरीरशास्त्र शिकवायची. पन्नाशीची, किडकिडीत, अतिशय टापटीप, आणि आवाज इतका हळू की तिच्यापुढे आपणही कुजबुजतो. तिने सकाळी तासभर माझी मान, खांदे, डोकं दाबलं. असा हलका हात मी आयुष्यात अनुभवला नव्हता. मी अर्धवट झोपेतच विचारलं, "पूर्वी काय करायचात?"

"वडिलांचा धंदा होता. अंत्यविधीचा," ती म्हणाली. "मी मेलेल्यांना तयार करायचे. केस, चेहरा, कपडे. वीस वर्षं. एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केली नाही."

माझी झोप उडाली. मेलेल्यांना हात लावणारे हात, वीस वर्षं, आणि आत्ता माझ्या डोक्यावर! उठून बसावं तर अपमान, पडून राहावं तर... मी पडून राहिले. "मग सोडलं का?" मी विचारलं.

"एकदा एका माणसाला कोट घालत होते," डेनिस म्हणाली. "त्याच्या खांद्यात एक गाठ लागली. माणूस गेला, पण गाठ तशीच होती. मला वाटलं, हे आधी कुणीतरी दाबायला हवं होतं." आणि ती पुन्हा माझा खांदा दाबू लागली.

घरी गेल्यावर मी सरळ न्हाणीघर गाठलं. अमेय दाराबाहेरून ओरडला, "आई, तिने ते काम सोडून सिक्स्टीन इयर्स झालीत!"

"असू दे. डोक्यावरून घेते."

"मग शॅम्पू निळ्या बाटलीत आहे."

मी ह्यांना फोन करून विचारलं की अशा वेळी सुतक किती दिवसांचं. ह्यांनी पंचांग काढलं, बराच वेळ पानं उलटली आणि म्हणाले, "याच्यात अमेरिकेचं दिलेलं नाही." त्या रात्री मला झोप चांगली लागली. मान अशी हलकी झाली होती की उशीवर आहे की नाही कळत नव्हतं. पण ती खांद्यातली गाठ काही माझ्या मनातून गेली नाही.

शुक्रवार : भारतीय पद्धत

शुक्रवारी पायांनी दाबायचं शिकवलं. छताला दोन लाकडी दांड्या टांगलेल्या होत्या. त्या धरायच्या, अर्धं वजन हातांवर ठेवायचं, आणि खाली पालथ्या पडलेल्या माणसाच्या पाठीवरून तळव्यांनी चालायचं. हारुकोबाई दांडीला लोंबकळून रँडीच्या पाठीवरून चालल्या. भिंतीवरून चिमणी चालावी तशा. रँडी खालून समाधानाने हुंकारत होता.

मग अमेयची पाळी आली. तोही रँडीच्याच पाठीवर. त्याने दांडी धरली, उजवा पाय उचलला, रँडीच्या पाठीला टेकवला. टेकवला मात्र, लगेच पाय काढून घेतला, खाली वाकला, रँडीच्या पाठीला हात लावला आणि तो हात छातीला लावला.

आपल्याकडे कुणाला चुकून पाय लागला तर आपण हेच करतो. विचार करून करत नाही, होतं आपोआप. इथे तर गुरूच्या पाठीला पाय! अमेयने पुन्हा पाय ठेवला. पुन्हा वाकला, हात लावला, छातीला नेला. तिसऱ्यांदाही तेच. डावा पाय ठेवला, तर डाव्याचा वेगळा नमस्कार.

"छान लय आहे," रँडी खालून म्हणाला.

बाकीचे दहा विद्यार्थी वह्यांत लिहून घेत होते. मग त्यांच्या पाळ्या सुरू झाल्या आणि मी जे पाहिलं ते नायगाऱ्यापेक्षा कमी नव्हतं. दहा अमेरिकन एकामागून एक पाय ठेवत होते, वाकत होते, पाठीला हात लावून छातीला लावत होते. एका गृहस्थांनी तर दोन्ही हातांनी नमस्कार केला. डेनिसने हळूच विचारलं, "छातीला हात लावल्याने कुठली नाडी मोकळी होते?"

मला हसू आवरेना. शेवटी मीच उठून मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं की ही पद्धत नाही, ही माफी आहे. आमच्यात पाय लागला की माफी मागतात. विद्यार्थी हातातल्या वह्यांकडे बघू लागले. हारुकोबाई मात्र लगेच समजल्या. त्यांनी अमेयला जवळ बोलावलं.

"माफी चांगली आहे," त्या म्हणाल्या. "पण पाय अर्ध्यातून निघतो आणि खालचा माणूस अधांतरी राहतो. उद्या माफी नको. उद्या नुसता पाय." थोडं थांबून म्हणाल्या, "आणि उद्या खाली आई असेल."

गाडीत काचेवरचा पिवळा धुरळा पुसणाऱ्या काड्या इकडून तिकडे फिरत होत्या.

"आई, मला नाही जमणार," तो म्हणाला. "रँडीवर जमलं नाही, तुझ्यावर काय जमणार? आय विल फेल. तुला नको म्हणायचीसुद्धा गरज पडणार नाही."

खरं सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते. आलं की, वा, सुटलो! मी वाईट होणार नाही, हे पोटभर जेवतील, माहितीपत्रकातला रकाना आहे तसा राहील. मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं पालथं पडून गप्प राहायचं होतं, आणि आठवडाभर मी तेच तर शिकले होते.

"बघू," मी म्हटलं, आणि खिडकीबाहेर बघत बसले.

शनिवार

परीक्षेला तिन्ही शिक्षक भिंतीला टेकून बसले होते. मी गादीवर पालथी पडले. आधी हातांची परीक्षा. अमेयने माझ्या पाठीवर तळवे ठेवले आणि थोडा वेळ काहीच केलं नाही. मग त्याचा अंगठा सरकत सरकत डाव्या खांद्याच्या फऱ्याच्या आतल्या बाजूला आला आणि थांबला. बरोबर तिथेच.

त्या जागेबद्दल मी कुणाला बोललेले नाही. ह्यांनाही नाही. मंडळाच्या आधी मी पंधरा वर्षं शिलाई मशीनवर ब्लाउज शिवले, तेव्हापासून तिथे दुखतं. आता तर दुखतं हेही मी विसरले होते. त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्याने दाबलं, धरून ठेवलं, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. लाज वाटली, पण तोंड गादीत असल्यामुळे कुणाला दिसलं नाही. डेनिसचा तो कोट घातलेला माणूस मला आठवला. मला जिवंतपणी कुणीतरी दाबत होतं, आणि तो माझा मुलगा होता.

"आता पाय," हारुकोबाई म्हणाल्या.

वर दांडी कुरकुरली. मी वाट पाहिली. पाय आला नाही. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. तळवा पाठीजवळ यायचा, त्याची ऊब लागायची आणि परत जायचा. असं दोनदा झालं, तीनदा झालं. रँडीने घसा खाकरला. आणखी थोडा वेळ मी गप्प राहिले असते तर सगळं आपोआप मिटलं असतं.

आणि मला ते आठवलं. अमेय दुसरीत, तिसरीत होता तेव्हा मी मशीनवरून उठायचे आणि सतरंजीवर अशीच पालथी पडायचे. तो माझ्या पाठीवरून चालायचा. नुसतं चालायचं नाही, चालताना पाढे म्हणायचे, असा माझा नियम. एका पाढ्याला मानेपासून कमरेपर्यंत, दुसऱ्याला परत. माझी पाठही मोकळी व्हायची आणि त्याचे पाढेही पाठ व्हायचे. मग तो पाचवीत गेला, आणि एक दिवस मीच म्हटलं, "आता मोठा झालास. आईला पाय लावू नये." तो लगेच खाली उतरला, वाकून नमस्कार केला आणि पुन्हा कधी चढला नाही. शहाणा मुलगा. ही माफी त्याला मीच शिकवली होती, आणि पंचवीस वर्षं तो ती इमानाने मागत होता.

"अमेय," मी गादीत तोंड खुपसूनच म्हटलं. "बे एके?"

वरचा श्वास थांबला.

"आई, प्लीज. सगळे बघतायत."

"त्यांना कुठे मराठी येतं? बे एके?"

मग अगदी बारीक आवाजात, "बे."

"बे दुणे?"

"चार." आणि पाय टेकला. अख्खा तळवा, मानेच्या खाली, उबदार आणि जड. मी वाट पाहिली, पण तो वाकला नाही. "बे त्रिक सहा," दुसरा पाय आला. "बे चोक आठ, बे पंचे दहा," तो चालू लागला, आधी घाबरत, मग नीट, जिथे दुखत होतं तिथे दोनदा थांबून. भिंतीकडून डेनिसची कुजबूज ऐकू आली की हा मंत्र आहे का, आणि रँडी म्हणाला की असावा, लय छान आहे. बेच्या पाढ्याला तो कमरेपर्यंत पोचला. बे दाहे वीसला थांबला. दांडी पुन्हा कुरकुरली.

"आई," त्याने विचारलं, "पुरे का?"

"तिसापर्यंत पाढे येतात ना तुला?" मी म्हटलं. "मग थांबलास कशाला?"